गावचा रेडिओ गाण्यांवर टिकत नाही

प्रश्न वाळपईजवळच्या एका संस्थेतल्या कार्यकर्तीचा आहे. त्यांच्या संस्थेला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावच्याच लोकांनी चालवायचा लहान रेडिओ, सुरू करायचा आहे. त्या विचारतात, हातातल्या मोबाईलवर हवं ते गाणं मिळत असताना गावचा रेडिओ ऐकणार कोण? काही लहान केंद्रं वर्षानुवर्षं चालतात आणि काही दोन पावसाळ्यांत गप्प होतात, असं का? आणि खर्चाचं काय?

ताई, गाण्यासाठी कोणी ऐकणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण खरं सांगायचं तर पूर्वीही लोक निव्वळ गाण्यासाठी रेडिओला कान लावत नव्हते. मी आयुष्यभर हेच काम केलं, मराठीत आणि कोकणीत. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाणी तीच तीच असायची, लोकांना ती तोंडपाठ असायची. घरातली माणसं हातातलं काम सोडून थांबायची ती गाण्याआधी नावं वाचली जायची तेव्हा. केरी, मोर्ले, होंडा, पिसुर्ले, आणि मग आपलं आडनाव येतं का. गाणं सुरू झालं की परत चूल, परत विहीर. दोन गाण्यांच्या मधे जे बोललं जातं त्यावर गावचं केंद्र जगतं किंवा मरतं. बाकी सगळं, म्हणजे यंत्रं, परवाना, पैसा, हे त्याच्या मागून येतं.

गोव्यात याचा सगळ्यात मोठा दाखला मुक्तिलढ्यातला आहे. पणजीत १९४६ पासून पोर्तुगीजांचं 'एमिसोरा द गोवा' होतं. स्टुडिओ, संगीत, सगळा थाट. मुक्तीनंतर त्याचीच जागा आकाशवाणीने घेतली. त्या सरकारी केंद्राला तोंड द्यायला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला, आधी आंबोलीच्या बाजूला आणि नंतर कॅसलरॉकला. पोर्तुगीज आणि कोकणीतून, थेट १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. करमणुकीच्या बाबतीत एमिसोराशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नव्हता. तरी लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत, कारण जे इथे सांगितलं जात होतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नव्या मुलांना हे सगळं प्रथम कळलं. तुमच्या केंद्राची तुलना त्या कामाशी करायची नाही, पण कसोटी तीच आहे. जे तुम्ही सांगाल ते दुसरीकडे मिळतं का?

आज सत्तरीत दुसरीकडे काय मिळत नाही? पणजीच्या खाजगी एफएमवर नगरगावची लाईट कधी येणार ते कोणी सांगत नाही. वर्तमानपत्रात ते आदल्या दिवशी कोपऱ्यात येतं आणि व्हॉट्सॲपवर तेच तीन वेगवेगळ्या वेळांसह फिरतं. इथे तुमची जागा आहे. पण ती घेण्याची एक रीत आहे. वीज खात्याचं पत्रक जसंच्या तसं वाचलं तर ते असं होतं: "दुरुस्तीच्या कामानिमित्त खालील भागांतील वीजपुरवठा खंडित ठेवण्यात येईल, ग्राहकांनी सहकार्य करावे." हे ऐकून कोणीही काही करत नाही. त्याऐवजी असं सांगून बघा: "उद्या मंगळवार. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत नगरगाव आणि धावे इथे लाईट नाही. ज्यांना टाकीत पाणी चढवायचंय त्यांनी आठच्या आत पंप लावा. काम लांबलं तर साडेबाराला मी परत सांगेन." आणि साडेबाराला खरोखर सांगायचं, काम वेळेत संपलं असलं तरीसुद्धा. या शेवटच्या वाक्यावर तुमची सगळी पत उभी राहते. पंप वेळेवर लावलेली बाई दुसऱ्या दिवशी न सांगता रेडिओ लावते.

अशा गोष्टींची यादी लांब आहे आणि ऋतूप्रमाणे बदलते. मार्च ते मे काजू बियांचा आणि सुपारीचा दर, बागायतदार सोसायटीत आज काय चाललाय तो. जूनमध्ये बियाणं, कृषी कार्यालयातल्या योजनांची शेवटची तारीख, दहावीनंतरचे प्रवेश. पावसात कुठला पूल पाण्याखाली गेला, कदंबची, म्हणजे सरकारी बससेवेची, कुठली गाडी आज वस्तीला आली नाही. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं, सामान कुठे मिळतंय. कोण वारलं आणि अंत्यविधी किती वाजता. या शेवटच्या गोष्टीला शहरातले लोक नाक मुरडतात, पण गोव्यातला माणूस सकाळी पेपर उघडून आधी निधनवार्ता बघतो हे सगळ्यांना माहीत आहे. ती सूचना हळू, दोनदा, आणि मागे संगीत न लावता वाचा. घरच्यांकडून खात्री केल्याशिवाय अजिबात वाचू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं तारांवर पडली, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. मोबाईल चार्ज करायचा कुठे, हाच प्रश्न होता. त्याच वर्षी जुलैत सत्तरी आणि डिचोलीत पूर आला. अशा वेळी दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर काय कामाचा असतो ते वेगळं सांगायला नको. पण तो कामाचा केव्हा? तुमचं केंद्र चालू असेल तेव्हा. म्हणून बजेट करताना चांगल्या मिक्सरवरचे पैसे कमी करा आणि बॅटरीवर घाला. लहान ट्रान्समीटर फार वीज खात नाही, इन्व्हर्टर आणि सोलरवर तो आणि एक मायक्रोफोन बराच वेळ निघतो. एसी बंद ठेवा, घाम पुसत बोला.

आता वेळेबद्दल. नवीन केंद्रवाल्यांना चोवीस तास चालवण्याचा मोठा सोस असतो. संगणकावर गाण्यांची रांग लावून दिली की केंद्र "चालू" असतं, पण ते ओसाड घरात पंखा चालू ठेवण्यासारखं आहे. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला दलित बायकांनी चालवलेला 'संघम रेडिओ' आहे. १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला, स्वयंसेवी संस्थेने चालवलेलं देशातलं पहिलं कम्युनिटी केंद्र. उद्घाटनाला निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत गेले होते, म्हणजे ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगणाऱ्या १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले न्यायमूर्ती. तिथे प्रसारण संध्याकाळी दोन तास असतं, शेतावरून बायका घरी परतल्यावर. दोनच तास, पण त्यांचेच. तुमच्याकडे सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढंच धरा. मात्र साडेसहा म्हणजे साडेसहा. आकाशवाणीची सुरुवातीची धून, जी वॉल्टर कॉफमन यांनी १९३० च्या दशकात केली, ती ऐकून कित्येक घरांत अजून आंघोळीची वेळ ठरते. त्या धुनेत चमत्कार काही नाही. ती रोज त्याच वेळी येते, एवढंच.

तुम्ही विचारलंत, लहान केंद्रं वर्षानुवर्षं टिकतात कशी. जगात या बाबतीत ज्याचं नाव घेतात ते अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम, म्हणजे कंट्री संगीताचं, तिथल्या ग्रामीण लोकांच्या गाण्यांचं केंद्र. आज त्याला लहान म्हणता येणार नाही, पण सुरुवात बघण्यासारखी आहे. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये एका विमा कंपनीने ते काढलं. नावातली तीन अक्षरं हीच त्या कंपनीची जाहिरात होती, 'वुई शील्ड मिलियन्स'. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री जॉर्ज हे या निवेदकाने सत्त्याहत्तर वर्षांच्या एका फिडलवाल्या म्हाताऱ्याला, अंकल जिमी थॉम्पसनला, माइकसमोर बसवलं. त्यातून 'ग्रँड ओल ऑप्री' हा शनिवारचा कार्यक्रम उभा राहिला आणि त्याला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. सभागृहं बदलली, १९७४ मध्ये जुन्या रायमन सभागृहातून नव्या वास्तूत गेले तेव्हा जुन्या रंगमंचाचा एक गोल लाकडी तुकडा कापून नव्या रंगमंचात बसवला. २०१० च्या पुरात तेही पाण्याखाली गेलं. शनिवार चुकू दिला नाही, दुसऱ्या सभागृहात जाऊन कार्यक्रम केला.

मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तो कार्यक्रम समोर माणसं बसवून होतो. रेडिओवर टाळ्या ऐकू येतात आणि घरी बसलेल्याला वाटतं, पुढच्या वेळी आपणही जावं. दुसरी, पैसे देणाऱ्याचा फायदा सरळ होता. विमा एजंट खेड्यातल्या दारात गेला की ऑप्रीचं नाव काढायचा आणि दार उघडायचं. कंपनीला रेडिओतून थेट नफा नको होता, दार उघडून हवं होतं. आपल्याकडे प्रायोजक शोधताना हे लक्षात कोणी घेत नाही.

शनिवार रात्रीचा माल गोव्याकडे कमी आहे का? सत्तरीत, डिचोलीत, फोंड्यात जत्रेला आणि कालोत्सवाला गावातलीच मुलं मराठी नाटक करतात, पेट्या-तबले घराघरांत आहेत, कला अकादमीची भजन स्पर्धा आली की पथकं महिनाभर आधीपासून तालमी करतात. सत्तरीचं रणमाले हे लोकनाट्य तर दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळतं. पौषातले धालो, म्हणजे बायकांची नाचाची गाणी, चवथीतली फुगडी, शिगम्यातल्या जती, म्हणजे होळीच्या दिवसांतली गाणी. दर शनिवारी एका वाड्याच्या मांडावर किंवा देवळाच्या सभामंडपात दीड तास थेट प्रसारण करा. थेट जमत नसेल तर ध्वनिमुद्रण करून रविवारी लावा, पण मग टाळ्या, खोकला आणि मधेच रडणारं पोर कापून टाकू नका. भजन म्हणणाऱ्या पंधरा जणांच्या मागे पंधरा घरं आणि त्यांचे मुंबईतले नातेवाईक असतात. आणखी एक गंमत, याने तुमचा स्वतःचा संग्रह तयार होतो. सिनेमाची गाणी लावायची तर हक्कांचे पैसे वर्षानुवर्षं भरावे लागतात. गावच्या बायकांनी गायलेले धालो मात्र त्यांच्याकडून लेखी संमती घेऊन एकदा मुद्रित केले की ते त्यांचे आणि तुमचे. प्रत्येक मुद्रणावर गाव, तारीख, गाणाऱ्यांची नावं लिहून ठेवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा. आपल्याकडे कित्येक चांगल्या स्पूल टेप बुरशीने गेल्या, लेबल नसल्यामुळे त्याहून जास्त गेल्या. ख्रिस्ती वाड्यांना विसरू नका, फेस्ताच्या आधीच्या नोव्हेना प्रार्थनांच्या वेळा आणि लादाइन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना, हेही गावचंच आहे.

कोकणी की मराठी, हा भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पहिल्या आठवड्यात तो दारात उभा राहील. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून या विषयावर गोव्यात भांडून झालंय आणि अजून भांडता येईल, फक्त ते स्टुडिओत नको. सत्तरीतला माणूस घरी कोकणी बोलतो, भजन मराठीत म्हणतो, पेपर मराठी वाचतो आणि शेजारणीशी भांडतो कोकणीत. माझं मत स्पष्ट आहे. लिहून वाचायची सूचना मराठीत, गप्पा आणि फोनवरचं बोलणं ज्याचं त्याच्या तोंडात येईल त्या भाषेत. पाहुण्याने कोकणीत उत्तर दिलं तर निवेदिकेने ते मराठीत "समजावून" सांगू नये. श्रोता खुळा नाही.

पैशांकडे येऊ. खाजगी एफएमचा धंदा पणजी-कळंगुटच्या जाहिरातींवर चालतो. हॉटेलं, गाड्यांची दुकानं, फ्लॅट. हे लोक सत्तरीत फिरकणार नाहीत आणि त्यांच्या मागे धावण्यात एक वर्ष फुकट जातं. सरकारी जाहिराती येतात, पण बिलाचे पैसे केव्हा येतील ते देवाला माहीत. त्या पैशावर पगार लावले की केंद्र बंद पडतं. मी पाहिलेली बहुतेक बंद केंद्रं अशीच गेली, श्रोते नव्हते म्हणून नव्हे. मासिक खर्च लहान ठेवा आणि तो गावातल्या लहान लहान पैशांतून भागवा. खतं-बियाण्यांचं दुकान, दूध सोसायटी, पतसंस्था, हार्डवेअर, शाळेच्या गणवेशाचा शिंपी. प्रत्येकाकडून थोडे, पण वर्षभराचे. विमा कंपनीची गोष्ट इथे आठवा. पतसंस्थेला दहा सेकंदांची जाहिरात विकू नका, रोजचा सुपारी-काजूचा दर त्यांच्या नावाने द्या. दर ऐकायला थांबलेला बागायतदार हाच त्यांचा ठेवीदार असतो. मात्र दर चुकला तर प्रायोजकाचं नावही खराब होतं, म्हणून तो दर रोज फोन करून घ्यायचा, कालचा वाचायचा नाही. आणि एकाच दात्यावर कधी अवलंबून राहू नका, तो कितीही सज्जन असो. निवडणूक जवळ आली की सज्जनपणाचे अर्थ बदलतात.

नियम थोडक्यात. कम्युनिटी रेडिओ २००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. कृषी विज्ञान केंद्रंही चालवू शकतात. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्याच्या कंपनीला मिळत नाही. संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी. अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती साधारण शंभर वॅटपर्यंत आणि मनोरा तीस मीटरपर्यंत चालतो. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हायला हवेत. स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी, स्थानिक कार्यक्रम, आपत्तीच्या सूचना हे सगळं चालतं. म्हणजे मी वर जी यादी दिली ती पूर्ण कायद्यात बसते.

यंत्रांमध्ये दोन गोष्टींकडे लक्ष द्या, बाकीचं तंत्रज्ञ बघेल. पहिली, मनोऱ्याची जागा. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर जाणारी एफएम लहर सत्तरीच्या डोंगरांत दरीपलीकडे पोचत नाही. ऑफिस बाजारात आहे म्हणून मनोरा बाजारात, हा विचार सोडा. अर्ज करण्याआधी एखाद्या संध्याकाळी टेकडीवर चढून बघा, कोणत्या वाड्यांची घरं नजरेला दिसतात. जी दिसतात ती साधारण ऐकतील. जी आड आहेत तिथे आवाज खरखरेल किंवा येणारच नाही. म्हादईच्या काठच्या गावांचा त्यात विशेष विचार करा. दुसरी, अर्थिंग, म्हणजे पडलेली वीज जमिनीत उतरवायची सोय. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की त्यातून वीज नीट जमिनीत उतरत नाही, आणि नेमका एप्रिल-मेमध्येच वळवाचा गडगडाट सुरू होतो. एका खड्ड्यावर भागवू नका, खोल आणि एकापेक्षा जास्त खड्डे घ्या, मीठ-कोळसा वेळच्या वेळी भरा आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. ढग दाटले की अँटेनाची केबल काढून ठेवायची की नाही यावर वाद असतो. मी म्हणतो, लाईटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेपासून यंत्रं वाचवणारं साधन, चांगला बसवा आणि प्रसारण चालू ठेवा, कारण लोकांना तुमची गरज तेव्हाच असते. पावसात मायक्रोफोन आणि जोडण्या बुरशी धरतात, त्यांना सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा.

राहता राहिली माणसं. वीस-बावीस वर्षांची, छान आवाजाची मुलं तुम्हाला पटकन मिळतील आणि वर्षभरात वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा पणजीत नोकरीला जातील. त्यांना शिकवा, जाऊ द्या, रागावू नका. पण केंद्राचा कणा म्हणून चाळीशीच्या बायका घ्या, स्वयंसाहाय्य गटातल्या, अंगणवाडीतल्या, भजनी मंडळातल्या. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून चालते ती माणदेशातल्या अशाच आवाजांवर. गावाची माहिती त्यांना असते आणि त्या गाव सोडून जात नाहीत. आवाज "रेडिओचा" नसला तर नसू दे. नमस्कार म्हणताना तोंड माइकपासून वीतभर दूर आणि थोडं तिरपं ठेवायचं, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवायचा, आणि कागदाचा आवाज येऊ द्यायचा नाही. एवढं महिन्याभरात येतं. येत नाही ती एकच गोष्ट. समोर एकच बाई भाजी चिरत ऐकतेय असं धरून बोलणं. "तमाम श्रोतेहो" म्हटलं की ती बाई गेली.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय कराल ते सांगतो. परवान्याचा अर्ज, कोटेशनं, मनोरा, सगळं बाजूला ठेवा. चार-पाच जणींनी एकत्र बसून जून महिन्याचं वेळापत्रक लिहा. सकाळचा एक तास, संध्याकाळचे दोन, तीसही दिवस, आणि त्यात एकही गाणं नको. रोज काय सांगाल, ते कोणाला फोन करून मिळवाल, कोण वाचेल, कुठल्या वाड्यातून कोण बोलायला येईल, नावांसकट. गाणी मागाहून आपोआप शिरतात, त्यांची काळजी नाही. तो कागद भरला तर मला कळवा, मी मनोऱ्याची टेकडी बघायला येईन. आठव्या दिवशीच लिहिण्यासारखं संपलं, तर अजून सहा महिने गावांत फिरा आणि मग परत लिहायला बसा.